सहा चाकांच्या टायरेल गाडीबाबत खुलासा

‘टायरेल पी-34 ही सहा चाकांची गाडी सतत जिंकू लागल्याने 1976 च्या मोसमानंतर तिच्यावर बंदी आली’, असा संदेश नाशिकमधील मोटारप्रेमींच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरत आहे. तो चुकीचा आहे.

या गाडीने एकच ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वन मालिकेतली शर्यत, जिंकली, ती 1976 ची स्वीडनमधली. तीत जोडी शेक्टर पहिला आणि पॅट्रिक देपाये दुसरा आला. गाडी 1977 मध्येही धावली, पण एकही विजय न मिळाल्याने संघ स्वतःच चार चाकांकडे वळला. चारच चाकांचे बंधन 1983 पासून लागू झाले.

गाडीचे रचनाकार डेरेक गार्डनर यांनी तिच्या पुढच्या बाजूला 10 इंची रिमची चार चाके बसवली, ती गाडीच्या नाकाच्या आडोशाला राहून हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून. मागची चाके मात्र नेहमीचीच मोठी असल्याने सरळ रस्त्यावरचा फायदा मर्यादित राहिला, आणि त्या छोट्या टायरची सुधारणाही मागे पडली. चालकाला ही चाके दिसावीत म्हणून कॉकपिटच्या बाजूंना छोट्या खिडक्या ठेवल्या होत्या, हे आमच्या नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारागिरांनी छायाचित्रांत आवर्जून पाहावे. इतक्या धाडसी रचनेची खरी हकिगतच पुढे जावी, म्हणून कृपया तो संदेश पाठवू नये.