गुलमोहरासाठी बत्तीस जीबी

सुटे भाग निवडून संगणक जुळवून घ्यायचा म्हटला की खरी परीक्षा प्रोसेसरच्या, म्हणजे संगणकाच्या मेंदूच्या, निवडीत असते, असा ज्यांनी तो कधी जुळवलेला नाही त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात प्रोसेसरइतका निरुपद्रवी भाग दुसरा नाही. एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स घ्यावा की इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के, हा वाद माझ्या भाच्याने आणि मी एका चहात मिटवला. पहिल्यात १६ कोअर (म्हणजे काम करणारे गाभे) आणि ३२ थ्रेड (म्हणजे एका वेळी हाताळायच्या कामांच्या ओळी), दुसऱ्यात २४ कोअर आणि २४च थ्रेड, हे आम्ही एकमेकांना गंभीरपणे वाचून दाखवले आणि एएमडीचे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची बैठक, आणखी काही वर्षे चालेल एवढ्या आशेवर पहिल्याच्या बाजूने कौल दिला. छळ सुरू झाला तो त्यानंतर, आणि तो मांडला संगणकातल्या अशा वस्तूंनी, ज्यांना एक अधिक एक किती हेही सांगता येत नाही. पत्र्याचा डबा, पंखे, वायरी, दिवे आणि भिंतीतले वीजजोड यांनी मला जेवढे दमवले, तेवढे पुणे महापालिकेच्या बांधकाम परवान्यांनीही कधी दमवलेले नाही.

बांधकाम परवान्यांचा उल्लेख ओघात आला, कारण मी व्यवसायाने वास्तुविशारद आहे. आता आमच्या धंद्यात नकाशा काढून भागत नाही. पायाचा खड्डा खणण्याआधी बिल्डरला इमारतीचा चित्रपट हवा असतो, त्याला वॉकथ्रू म्हणतात. या चित्रपटात इमारत दुय्यम असते. बाणेर असो वा उंड्री, प्रत्येक बिल्डरला इमारतीभोवती गुलमोहर, बहावा आणि कडुलिंब यांचे दाट अरण्य लागते, आणि जी झाडे जमिनीवर कधीही लागणार नाहीत ती ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे पडद्यावरची चित्रे घडवणाऱ्या भागाच्या, मेमरीत मात्र पानापानासकट लावावी लागतात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०८० या कार्डात १६ जीबी मेमरी आहे आणि ५०९० मध्ये ३२. तेव्हा त्या मालिकेत मधले काही नव्हते. सोळा जीबीत इमारत सहज मावते, बिल्डरची झाडे मावत नाहीत. त्यामुळे केवळ झाडांसाठी मला दोन लाखांहून अधिक किमतीचे कार्ड घ्यावे लागणार होते. हा हिशेब मी घरी मांडला तेव्हा सौ. शांतपणे म्हणाली, "अहो, एवढ्या पैशांत खरीच झाडं लावून होतील की."

कार्ड ठरले आणि पुढचे सगळे विस्कटले. आम्ही पाहिलेले कार्ड होते ३५८ मिलीमीटर लांब, दोन किलोंहून जड, आणि इतके जाड की त्याच्या खाली मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीवर, दुसरे काही बसवण्याचा विचारच सोडून द्यावा. सदाशिव पेठेतल्या दुकानदाराने माळ्यावरून एक देखणे कॅबिनेट उतरवले, त्याची काच अंगठ्यांनी दाबून अलगद सोडवली आणि बाजूला पुठ्ठ्यावर ठेवली. भाच्याने खिशातून टेप काढला. आत ४०० मिलीमीटर जागा होती आणि आम्हा तिघांचे चेहरे उजळले. मग भाच्याने विचारले, "मामा, रेडिएटर पुढेच लावायचा ना?" पाण्याने थंड करणाऱ्या कूलरचा रेडिएटर २७ मिलीमीटर जाड आणि त्यावरचे पंखे २५ मिलीमीटर, उरले ३४८. कार्डाला एक सेंटिमीटर जागा कमी पडत होती. इमारतीभोवती सोडायच्या सामासिक अंतरात एवढे इकडेतिकडे झाले तर ते मिटवण्याचे मार्ग मला ठाऊक आहेत, पण पत्र्याच्या डब्यापुढे कोणाचे काही चालत नाही.

"रेडिएटर वर लावा की, काका," दुकानदार म्हणाला. वर लावला तर तो रॅमला, म्हणजे चालू कामापुरत्या मेमरीच्या उभ्या कांड्यांना, टेकत होता, कारण रॅमच्या डोक्यावर दिव्यांची पट्टी होती. म्हणजे बुटकी, बिनदिव्यांची रॅम हवी. ती दुकानात नव्हती, मागवावी लागणार होती. आणि हे सगळे चालले होते २०२५ च्या अखेरीस, जेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी जगभरातल्या मेमरी चिपांवर हात मारल्यामुळे रॅमचे भाव रोज चढत होते. "हा भाव संध्याकाळपर्यंतचा बरं का," असे रॅमबद्दल ऐकण्याची वेळ माझ्यावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते. बिनदिव्यांच्या रॅमची वाट पाहण्यात जेवढे पैसे वाढण्याची धास्ती होती, तेवढ्यात मोठे कॅबिनेट येत होते. शेवटी दिवेवाली रॅम घेतली आणि डबा बदलला.

रॅमचेही स्वतःचे एक शास्त्र आहे. मदरबोर्डावर चार खाचा असतात, तेव्हा चार कांड्या घालाव्यात असे कोणत्याही भोळ्या माणसाला वाटेल. पण या प्रोसेसरसाठी कंपनीने दिलेला अधिकृत वेग दोन कांड्यांना सेकंदाला ५६०० मेगाट्रान्सफर आणि चार कांड्यांना ३६०० आहे; पंगतीत चार पाट मांडायचे आणि चौघे बसले की वाढप्याने हात आखडता घ्यायचा, अशातला हा प्रकार. म्हणून ६४ जीबीच्या दोनच कांड्या घ्याव्यात. दोन एसएसडी, म्हणजे फायली साठवायच्या पट्ट्या, लावायच्या म्हटल्या तरी हीच गत. अनेक महागड्या मदरबोर्डांवर एसएसडीची दुसरी वेगवान खाच भरली की ग्राफिक्स कार्डाच्या माहिती ने-आण करणाऱ्या सोळा मार्गिकांपैकी आठ काढून घेतल्या जातात, आणि ही बातमी मॅन्युअलच्या तळटीपेत अशा टंकात दिलेली असते की ती वाचायला भाच्याचे डोळे लागावेत.

मला दिवे नकोच होते. पण महागड्या वस्तूंच्या बाजारात बिनदिव्यांचा माणूस संशयास्पद ठरतो. रॅमला दिवे, पंख्यांना दिवे, कार्डाला दिवे, कूलरच्या पंपाच्या टोपीवर तर चक्क पडदा, ज्यावर आपल्याला हवे ते चित्र लावता येते. "बंद करता येतात ना हे?" मी विचारले. "येतात की. सॉफ्टवेअर टाकायचं." रॅमच्या कंपनीचे वेगळे, कार्डाचे वेगळे, मदरबोर्डाचे वेगळे. दिवे विझलेले राहावेत म्हणून आता माझ्या यंत्रावर तीन सॉफ्टवेअरे अखंड जागी असतात आणि त्यांचे आपसात पटत नाही. शिवाय या दिव्यांच्या जोडण्यांत दोन जाती आहेत: तीन टोकांची पाच व्होल्टची आणि चार टोकांची बारा व्होल्टची. पाच व्होल्टचा दिवा बारा व्होल्टवर लावला तर तो कायमचा विझतो. हा एकच मार्ग मला बिनसॉफ्टवेअरचा दिसला होता, पण भाच्याने माझ्या हातातून वायर काढून घेतली.

मग आला पॉवर सप्लाय. कार्ड पूर्ण जोरात ५७५ वॉट घेते आणि प्रोसेसर कागदोपत्री १७०. कार्डाची कंपनीच किमान १००० वॉटचा सप्लाय सुचवते. त्यातही ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशी कार्यक्षमतेची श्रेणी असते. दुकानदाराचा आग्रह टायटॅनियमचा. मी कागद मागून घेतला. निम्म्या भारावर गोल्डची कार्यक्षमता ९० टक्के, टायटॅनियमची ९४. सातशे वॉटचा भार आठ तास धरला तरी दिवसाला जेमतेम पाव युनिटाची बचत. तेवढ्यासाठी किमतीतला फरक भरायचा, तर तो वसूल होईपर्यंत त्या इमारतीभोवती खरेच झाडे उगवली असती. मी गोल्ड घेतला. लक्ष्मी रस्त्यापासून इतक्या जवळ राहून सोन्यावर समाधान मानणारा मी पहिलाच, असा चेहरा करून त्याने पावती फाडली.

या सगळ्या पसाऱ्यात खरी भीती वाटावी अशी वस्तू एकच आहे, ती म्हणजे कार्डाला वीज देणारी सोळा टोकांची जोडणी. २०२२ मध्ये ५०९० चा थोरला भाऊ ४०९० बाजारात आला, तेव्हा काही ग्राहकांच्या जोडण्या वितळल्या आणि त्यांपैकी अनेक पूर्ण आत बसलेल्याच नव्हत्या, असा खुलासा झाला. पुढे जोडणीची रचना सुधारली. तरीही दुकानातल्या मुलाने ती बसवली तेव्हा मी, भाचा आणि स्वतः दुकानदार असे तिघे चष्मे सावरून त्या फटीत डोकावत होतो.

जुळणी झाली, बटण दाबले, पंखे फिरले, नको असलेले सर्व दिवे लागले आणि पडदा काळाच राहिला. एवढी रॅम पहिल्यांदा चालू होताना मदरबोर्ड तिची ओळख करून घेतो आणि त्याला काही मिनिटे लागतात, हे दुकानातल्या सर्वांना माहीत होते; मला कोणी सांगितले नव्हते. मी डोळ्यांपुढे एकेका भागाची किंमत आणू लागलो. दुकानदार म्हणाला, "चहा घ्या, काका, येईल." चहा संपता संपता पडदा उजळला.

यंत्र घरी आले आणि माझ्या ध्यानात आले की सुटे भाग अजून संपलेले नाहीत. एरंडवण्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत महावितरणचा देखभाल-दुरुस्तीचा गुरुवार पाळला जातो, आणि रेंडर, म्हणजे चित्रपटाची चित्रे घडवण्याचे काम, चालू असताना वीज गेली तर सगळे अरण्य एका क्षणात तुटते. म्हणून यूपीएस हवा, तोही शुद्ध साइन वेव्हचा, कारण नव्या सप्लायला साध्या यूपीएसची ओबडधोबड लहर मानवेलच असे नाही. दुसरे असे, की यंत्र जेवढी वीज घेते ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीतच उतरते. साडेसातशे वॉट म्हणजे एसीच्या टनाच्या भाषेत सुमारे पाव टनाच्या आतबाहेर. पुण्याच्या एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खोलीत एवढे ऊन घरबसल्या निर्माण करायचे तर एसीला पर्याय नाही. प्रोसेसरवर जेवढे खर्च झाले नव्हते, तेवढे एसी आणि यूपीएस मिळून गेले.

हे सारे एका जुन्या सहा अँपिअरच्या पॉइंटवर चालणार नाही, एवढे मात्र मला कोणी सांगावे लागले नाही. तपकीर गल्लीतून वायर, सोळा अँपिअरची सॉकेटे आणि एमसीबी आणून ठेवले आणि आमच्या नेहमीच्या वायरमनला बोलावले. त्याने काचेतून आत पाहिले, चमकणारे पंखे पाहिले आणि विचारले, "साहेब, हे करतं काय?"

"झाडं दाखवतं," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली, भिंतीवर पेन्सिलीने नव्या लायनीची खूण केली आणि पिशवी उचलली. "गुरुवारी येतो," तो म्हणाला. "त्या दिवशी लाईट नसतेच, मेन स्विच बंद करायचे कष्ट वाचतील."