धनुष्य कोण मोडणार हे कुणाला ठाऊक नव्हतं?

ताई,

तुमची प्रतिक्रिया रविवारी आली आणि उत्तर लिहायला मला गुरुवार उजाडला. तुम्ही वय बासष्ट लिहिलंय, म्हणजे माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठ्या, म्हणून ताई म्हणतोय. रागावू नका. तसंही आधीच बऱ्यापैकी रागावलेल्या दिसताय.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पंधरवड्यात मी इथं ब्लॉगवर कितीही वेळा बघावेत अशा पिक्चरांबद्दल लिहिलं होतं. नावं चार होती: ‘सांगत्ये ऐका’, ‘सामना’, ‘अशी ही बनवाबनवी’ आणि ‘स्वदेस’. त्यावर सांगलीच्या या ताईंनी खरमरीत लिहिलं. तेच तेच बघणं हा डोक्याचा आळस आहे, शेवट माहीत असताना बघण्यासारखं उरतंच काय. बनवाबनवी ही नक्कल आहे आणि तिचे विनोद शिळे झालेत. स्वदेस तुम्हाला आवडतो तो तुमच्या गावाकडचा नदीचा घाट त्यात दिसतो म्हणून, त्याला रसिकता म्हणत नाहीत. आणि वर, बुगडीचं गाणं जगदीश खेबुडकरांचं असं बेधडक लिहिणाऱ्यानं पिक्चरवर लिहूच नये.

शेवटच्या मुद्द्यावर आधी कान पकडतो. ‘सांगत्ये ऐका’मधलं ‘बुगडी माझी सांडली गं’ हे गदिमांचं, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचं. संगीत वसंत पवारांचं, आवाज आशाबाईंचा, पिक्चर १९५९ चा. हे मला पाठ आहे, तरी हात खेबुडकर लिहून मोकळा झाला. लावणी म्हटली की खेबुडकर, असं डोक्यात बसलेलं असतं त्याचा हा परिणाम. चूक दुरुस्त केलीय. तुम्हाला ती एवढी का झोंबली असेल तेही कळलं. बुगडी सांडली साताऱ्याला जाताना, पण ती ज्यानं लिहिली त्याचं माडगूळ तुमच्या आटपाडी तालुक्यात. सातारकरानं सांगलीकराचं श्रेय परस्पर तिसऱ्यालाच देऊन टाकलं. माफी असावी.

आता आळसाचं.

ताई, तुम्ही राहता त्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांसमोर ‘सीतास्वयंवर’ केलं. मराठी रंगभूमी तिथून मोजतात, ५ नोव्हेंबरला तुमच्याकडे दरवर्षी सोहळा असतो. मला एक सांगा, त्या रात्री समोर बसलेल्यांत धनुष्य कोण मोडणार हे कुणाला ठाऊक नव्हतं? सीता शेवटी रावणाला तर माळ घालत नाही ना, या काळजीनं कोण बसलं होतं? पोरासोरांपासून सगळ्यांना शेवट माहीत होता. तरी माणसं आली, बसली, बघत राहिली. शेवट माहीत असला की बघण्यासारखं काही उरत नाही हा तुमचा नियम लावला तर आपलं नाटक पहिल्याच प्रयोगाला बंद पडायला हवं होतं.

कीर्तनाचं तेच. हरिश्चंद्राचं आख्यान लागलं की डोंब येणार, स्मशान येणार, रोहिदासाला साप चावणार हे पहिल्या ओळीत बसलेल्या म्हातारीला बुवांपेक्षा जास्त पाठ असतं. ती ऐकायला येते ते हा बुवा तिथपर्यंत कसा पोचतो ते. मागच्या सालच्या बुवानं तारामतीला फार रडवली होती, हा जरा आवरतोय, असं बारीक बोलणं मी आमच्या देवळात स्वतः ऐकलंय. ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला म्हणतात. एवढे आठवडे नुसत्या नव्या माणसांवर निघत नाहीत. पुन्हा पुन्हा येणारे होते म्हणून ते आकडे झाले, आणि त्या सगळ्यांना मी तरी आळशी म्हणणार नाही.

गोष्ट कळून जाते तेव्हा कुठं डोळे मोकळे होतात, एवढंच मला म्हणायचं होतं. पहिल्या खेपेला आपण गोष्टीच्या मागं फरफटत असतो. पुढं काय, पुढं काय. आजूबाजूला काय चाललंय ते बघायला सवड कुठं असते?

बनवाबनवीबद्दल तुमचं बरंचसं मान्य. खोली मिळावी म्हणून दोघा पुरुषांनी बायका बनून राहायचं, ही गोष्ट हिंदीतून आली, हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून, आणि ती लपवाछपवी नाही. पण आपण पाठ करतो ती गोष्ट थोडीच? आपण पाठ करतो ते बोलणं, आणि ते वसंत सबनिसांचं आहे. हा माणूस लोकनाट्यातला, ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारा. तमाशातल्या बतावणीत जसा एकानं चेंडू टाकायचा आणि दुसऱ्यानं तो भलतीकडंच टोलवायचा, तसं धनंजय माने आणि घरमालकाचं चालतं. सत्तर रुपये वारले हे वाक्य आमच्याकडं उधारी बुडाली की अजून म्हणतात. परवा किराणा दुकानदार मलाच म्हणाला.

शिळेपणाचा मुद्दा मात्र माझ्या मुलीनं तुमच्या आधीच काढला होता. गेल्या दिवाळीत सगळे बसून बघत होतो, मी नेहमीप्रमाणं संवाद आधीच म्हणून सगळ्यांचा विचका करत होतो. ती मधेच म्हणाली, “बाबा, त्या पोरींना शेवटी कुणी विचारलं का, तुम्हाला राग आलाय का म्हणून?” खरंच कुणी विचारत नाही. पडदा पडतो, जोड्या जुळतात. तेव्हापासून शेवटची दहा मिनिटं मला पूर्वीसारखी हसवत नाहीत.

पण पहिला भाग अजून पोटात तुटतं इतका खरा वाटतो, कारण मी १९९३ ला साताऱ्यात नोकरीला लागलो तेव्हा तीन आठवडे खोली शोधत होतो. यादोगोपाळ पेठ, चिमणपुरा, शनिवार पेठ, सगळं पायाखाली घातलं. एकटा आहे म्हटलं की दार अर्धं लागायचं. एका मालकीणबाईंनी तर विचारलं, लग्न ठरलंय का, निदान पत्रिका तरी दाखवा. मी पत्रिका छापून घेण्याचा विचार केला होता, खोटं कशाला बोलू. पुरुषाला साडी नेसवून हसवण्याची गंमत जुनी झाली असेल. बिऱ्हाडाशिवाय खोली नाही, ही गंमत अजून जुनी झालेली नाही. साताऱ्यात शिकायला येणाऱ्या पोरांना विचारा.

आता स्वदेस. इथं तुम्ही बरोबर आहात, आणि चूकही.

घाट बघायलाच गेलो होतो, अगदी कबूल. माझं गाव वाईजवळ. हिंदी सिनेमातला निम्मा उत्तर प्रदेश आणि बिहार वाई तालुक्यात आहे हे तुम्हाला ठाऊक असेलच. ‘गंगाजल’मधला बिहार आमचाच. स्वदेसमधलं चरणपूर म्हणजे मेणवली, नाना फडणवीसांच्या वाड्याचं गाव. २००४ च्या डिसेंबरात पिक्चर लागला तेव्हा आम्ही घरचे सात जण गेलो आणि तीन तास नुसतं एकमेकांना कोपरानं ढोसत होतो. ही पायरी बघ, ते पिंपळाचं झाड बघ. शाहरुख खान काय बोलत होता ते बाहेर आल्यावर कुणालाच सांगता येईना. रसिकता नाहीच ती. कृष्णामाई तुमच्याकडं येण्याआधी आमच्याकडून जाते, एवढाच काय तो आमचा अभिमान.

दुसऱ्यांदा टीव्हीवर पाहिला तेव्हा पाण्याच्या बाटल्या दिसल्या. स्टेशनवर एक पोरगं पंचवीस पैशाला पेला पाणी विकतं तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. पण तोवर हा अमेरिकेतून आलेला मोहन, म्हणजे शाहरुख, बाटलीबंद पाण्यावर राहतोय, हे पहिल्या वेळी घाटाच्या नादात माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिसऱ्यांदा पाहिला तो बहुतेक २०१० च्या सुमारास, एकट्यानं, रात्री. त्यात गावात पिक्चर दाखवतात तो भाग आहे. मधे पांढरा पडदा, एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला पडद्यामागं खालच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींची माणसं. वीज जाते, मोहन पोरांना तारे दाखवत गाणं म्हणायला लागतो आणि त्या ओघात मधला पडदा खाली येतो. दोन्ही बाजू एकमेकांसमोर. याआधी दोनदा मी हा प्रसंग पाहिला होता. गाणं छान आहे म्हणून.

त्या रात्री मात्र मला आमचा गणपती आठवला. पंच्याऐंशी-शहाऐंशीचं साल असेल. मंडळ सोळा एमएमचं मशीन भाड्यानं आणायचं. चावडीसमोरच्या बोळात दोन धोतरं जोडून शिवलेला पडदा बांधायचे, त्याला वरून चार दोऱ्या, खाली दोन विटा. वारा सुटला की नटाचं पोट फुगायचं. रीळ बदलताना बत्ती लागायची आणि तेवढ्यात आया पोरांना मुतायला न्यायच्या. पुढं गर्दी झाली की आम्ही चार-पाच पोरं मागं पळायचो. मागून पिक्चर उलटा दिसतो. हिरो डावखुरा होतो, घड्याळ भलत्या हातात जातं, नावं उलटी येतात. भारी मजा वाटायची.

आमच्या वर्गात एक पोरगा होता. त्याला ती उलटी अक्षरं सुलटी वाचता यायची, सरसर, न अडखळता. दिग्दर्शकाचं नाव, गायकाचं नाव. आम्ही त्याला म्हणायचो, तू कुठं शिकलास रे हे? तो नुसता हसायचा. आम्ही शाळेत उलटं लिहून त्याची परीक्षा घ्यायचो, पैजा लावायचो.

तो ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. आम्ही हौसेनं एखाद्या दिवशी मागं जायचो. तो, त्याचे आईबाप, त्याची आजी, सगळी वस्ती कायम मागंच असायची. कुणी बसा म्हणून सांगितलं नव्हतं, कुणी उठा म्हणूनही सांगितलं नव्हतं. पुढच्या बाजूनं त्यानं एकही पिक्चर पाहिला नव्हता, म्हणून त्याला वाचता यायचं. हे माझ्या डोक्यात शिरायला पंचवीस वर्षं आणि स्वदेसची तिसरी खेप लागली. मी त्याच्याशी पैजा लावत होतो.

तर घाट बघायला गेलो होतो, हे खरं.

सामनाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणजे तो मंजूर असं धरतो. तरी एक सांगायचंय. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात गेलेला, हे सगळं नंतर वाचलं. आम्ही तो दूरदर्शनवर पाहिला, आमच्या अण्णांबरोबर. साखर कारखाना हातात असलेल्या हिंदुरावाच्या गावात मास्तर सारखा विचारतोय, मारुती कांबळेचं काय झालं? मला तेव्हा लागूंचा मास्तर हिरो वाटला होता. अण्णा म्हणाले, “याला ऊस नाही. याची तोड अडकली असती म्हणजे विचारलं नसतं.” मला राग आला होता. अण्णांची त्या साली सव्वा एकराची तोड लांबली होती. उसाला तुरे आले होते आणि ते कारखान्याच्या चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्याच्या, मागं मागं सायकल घेऊन फिरत होते. कारखान्याचं नाव कशाला, सगळीकडं तेच होतं. पुढं केव्हातरी पुन्हा पाहिला तेव्हा मास्तरकडं फारसं बघितलंच नाही. प्रश्न विचारल्यावर आजूबाजूची माणसं काय करतात, कोण कुठं बघतं, तेवढंच बघत बसलो. त्यात कुठंतरी अण्णा असणार असं वाटत होतं. निळू फुल्यांचा हिंदुराव बोलतो किती हळू, तेही तेव्हाच जाणवलं. दरारा असलेल्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही. आमच्या भागात हे पाहिलेलं आहे.

नवे पिक्चर यादीत का नाहीत, हा तुमचा सवाल राहिला. अहो, पुन्हा पुन्हा बघायला मधे वर्षं जावी लागतात, कालच्या पिक्चरला हा मान कसा देऊ? पण ही पळवाट झाली. खरं कारण निराळं आहे आणि ते माझ्याच बोलण्याला छेद देतं. २०१३ च्या ‘फँड्री’इतका जबर पिक्चर मी नंतर पाहिलेला नाही, आणि तो मी एकदाच पाहिलाय. त्यात जातीवरून हिणवला जाणारा जब्या शेवटी दगड भिरकावतो, तो सरळ आपल्या तोंडावर येतो. त्यानंतर दोनदा लावला. दोन्ही वेळा अर्ध्या तासात बंद केला, कामं आठवली. म्हणजे शेवट माहीत असल्यावर बघता येत नाही असेही पिक्चर असतात. तुमचा नियम इथं लागू पडतो, फक्त तुम्ही दिलेलं कारण त्याचं नाही.

यंदा गणपतीत मंडळाची पोरं परत पिक्चर दाखवणार आहेत. मला विचारायला आली होती, काका तुम्ही ब्लॉग लिहिता, एखादं नाव सुचवा. मी फँड्री म्हटलं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एक जण म्हणाला, “काका, सणाचं कशाला तसलं.” बनवाबनवी ठरलाय. तुम्ही आलात तर बसायची सोय करतो, गर्दी होणार. धोतराचा पडदा मात्र आता नाही, एलईडीची भिंत भाड्यानं येते. तिच्या मागून काहीच दिसत नाही.