शून्य शून्य शून्य

आई फोनवर एवढंच म्हणाली, "माळा रिकामा करायचाय, तुझी ती बॅग येऊन घेऊन जा नाहीतर भंगारात देते." आता इतक्या वर्षांनी गावी जायचं म्हणजे माणसाने जरा हळवं वगैरे व्हायला हवं ना, पण मला धडकीच भरली, कारण त्या बॅगेत पंधरा वर्षांची मी बंद आहे आणि आमचं दोघींचं कधी पटलंच नाही. भयंकर शिष्ट पोरगी. "एकदा इथून गेले की परत तोंड दाखवणार नाही" असं घरातल्या प्रत्येकाला ऐकवून ठेवलेलं तिने, आणि ते शब्द गिळायला पाठवलं कुणाला, तर मला!

ज्या माळ्यावर मी सरसर चढायचे तिथे चढताना गुडघ्याने असा काही आवाज केला की आई खालून ओरडली, "काय मोडलं गं?" नोस्टॅल्जिया हा शब्द म्हणे १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या स्विस विद्यार्थ्याने एका आजाराला नाव द्यायचं म्हणून बनवला, ग्रीकमधलं 'घरी परतणं' आणि 'वेदना' जोडून. त्याची वेदना मनातली असावी. माझी कंबरेत होती.

बॅग सापडली. तिला तीन आकडी नंबर लॉक. आणि नंबर आठवेना.

जन्मतारीख लावली, नाही. रोल नंबर, नाही. तेव्हा जो आवडायचा त्याचा रोल नंबर (हो, तो मात्र लगेच आठवला), तोही नाही. माणसाला म्हणे वयाच्या दहा ते तीस या काळातल्या आठवणी म्हातारपणी जरा जास्तच आठवतात, तेव्हा अजून वीसेक वर्षं थांबावं का असाही विचार करून पाहिला. मग मोबाइलवर वाचलं की खटका दाबून चाक फिरवलं की बरोबर आकड्यावर ते किंचित अडकतं. माझ्या बोटांना सगळेच आकडे अडकल्यासारखे वाटत होते.

शेवटी हिशोब केला, दहा गुणिले दहा गुणिले दहा म्हणजे १०००, एकाला चार सेकंद धरले तरी तास-सव्वा तासाचं काम. ००१ पासून सुरू केलं, कारण ०००, जो कारखान्यातूनच येतो, तो ठेवायला ती काय इतकी बावळट होती का! दोनशेपर्यंत मी तिला शिव्या घालत होते, चारशेला तिची जरा कीव आली, की एवढं कसलं गुपित होतं बाई तुझं, सातशेच्या आसपास अंगठा बधिर झाला, आईने दोनदा "स्क्रूड्रायव्हर देऊ का" विचारलं आणि दोन्ही वेळा मी का कुणास ठाऊक "नको, तिचं खाजगी आहे" म्हणाले. ९९९. नाही.

मग लावलं ०००.

खट्.

म्हणजे तिने नंबर लावलाच नव्हता! तेव्हा आळस म्हणून असेल, किंवा तिला आत्ताच्या मला नीट ओळखता येत असेल, की ही काय, हमखास विसरणार.

आत कवितांची वही (चार पानं वाचली, मिटली, त्यावर बोलायचं नाही), शाई वाळलेली तीन पेनं, एक उत्तेजनार्थ सर्टिफिकेट आणि अगदी तळाशी, आठ घड्या घातलेला गणिताचा पेपर. ४० पैकी ११. खाली बाबांची सही. मी बाबांची सही आयुष्यभर पाहिलीय, ती अशी थरथरत नाही. शेजारी पेन्सिलने त्याच सहीचे सहा-सात सराव, खोडलेले.

अगं वेडे. आणि मी समजत होते तुझं नाक फक्त वर असतं.

तेवढ्यात आई शिडीशी आली. "उघडली का? काय आहे गं त्यात?"

"काही नाही, जुनी पुस्तकं," मी म्हणाले, ताबडतोब, जराही न अडखळता, आणि पेपर आठ घड्यांमध्ये परत गेला.

"मग देऊ ना भंगारात?"

"अजिबात नाही, मी घेऊन जातेय."

नंबर बदलायचा विचार केला होता, पण राहू दे म्हटलं, मला परत आठवायला नको.