ऑस्ट्रेलियन ॲक्सेंट घडवला तो मुलांनी

मेलबर्न-सिडनीच्या मराठी मंडळींत दोन तक्रारी कायम ऐकू येतात. एक, "मुलगा शाळेत जायला लागला आणि त्याचं इंग्रजी बिघडलं." दुसरी, "इतकी वर्षं झाली, तरी फोनवर आपलं बोलणं समोरच्याला कळत नाही." दोन्हींवर जे सल्ले दिले जातात, ते बहुतेक वेळा मुळातच चुकीचे असतात. ऑस्ट्रेलियन ॲक्सेंट म्हणजे बिघडलेलं इंग्रजी नव्हे, आणि ती कुणा एका वंशाची वडिलोपार्जित इस्टेटही नव्हे. बाहेरून आलेल्या लोकांच्या मुलांनी तो घडवला आणि आजही तेच घडवतायत. म्हणून ॲक्सेंटवरून "खरा ऑस्ट्रेलियन कोण" हे ठरवणाऱ्यांशी माझं भांडण आहे, मग ते तिथले असोत की आपले.

१७८८ च्या जानेवारीत इंग्लंडहून कैदी घेऊन ११ जहाजांचा पहिला ताफा आला आणि सिडनीच्या खाडीत वसाहत सुरू झाली. साडेसातशेच्या आसपास कैदी, शिवाय सैनिक, खलाशी, अधिकारी. लंडन आणि आग्नेय इंग्लंडकडचे लोक जास्त. पुढच्या जहाजांतून आयरिशही मोठ्या संख्येने आले. १८६८ मध्ये कैद्यांची रवानगी थांबेपर्यंत सुमारे १ लाख ६२ हजार कैदी या खंडावर उतरले होते. मोठी माणसं अखेरपर्यंत आपापल्या गावचं इंग्रजी बोलली, कारण वयात आलेल्या माणसाचा हेल फारसा बदलत नाही. पोरं मात्र आईबापांसारखी बोलत नाहीत, सवंगड्यांसारखी बोलतात. दहा तऱ्हांचे उच्चार एका अंगणात आले की जो उच्चार बहुतेकांना ओळखीचा तो टिकतो, आणि फक्त एखाद्या कोपऱ्यातला असेल तो गळून पडतो. सिडनीत जन्मलेल्या पहिल्या दोन पिढ्यांत हे घडलं. १८२७ मध्ये पीटर कनिंगहॅम या नौदलाच्या शल्यवैद्यांनी तिथल्या तरुणांच्या बोलण्याला लंडनचं वळण असल्याचं लिहून ठेवलंय.

आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते. पर्थ ते सिडनी हवाई अंतर तीन हजार किलोमीटरहून जास्त, आणि तरी दोन्हीकडचा माणूस जवळजवळ सारखाच बोलतो. फरक आहेत, पण थोडे. ॲडलेडच्या वसाहतीत कैदी पाठवलेच गेले नाहीत, तिथे "डान्स"मधला आ बऱ्याच जणांच्या तोंडी लांब येतो, तर ब्रिस्बेनकडे "डॅन्स" जास्त ऐकू येतं. मेलबर्नकडचे बरेच लोक स्वतःच्या शहराला "मॅलबन" म्हणतात, कारण ल च्या आधीचा ए त्यांच्या तोंडी ॲ होतो. तिथे एलन आणि ॲलन ही दोन नावं कानाने वेगळी ओळखता येत नाहीत. खरा भेद प्रदेशाचा नव्हता, सामाजिक वर्गाचा होता.

तो भेद पहिल्यांदा नीट मोजला मिचेल आणि डेलब्रिज या दोघा भाषाअभ्यासकांनी. देशभरातल्या हजारो शाळकरी मुलांचे आवाज ध्वनिमुद्रित करून १९६५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. ३४ टक्के मुलं ब्रॉड, म्हणजे सगळ्यात ठळक ऑस्ट्रेलियन वळणाची, ५५ टक्के जनरल, म्हणजे मधली, आणि ११ टक्के कल्टिव्हेटेड, म्हणजे इंग्लंडच्या उच्चभ्रू उच्चाराजवळची. ही तीन वेगळी घरं नव्हेत, एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत. "मेट" हा एकच शब्द घ्या. कल्टिव्हेटेड बोलणारा ए पासून सुरुवात करून इ कडे सरकतो. जनरलमध्ये सुरुवातीला जबडा आणखी उघडतो, जीभ ॲ जवळून निघते. ब्रॉडमध्ये ती आणखी खाली आणि थोडी मागे जाते, आणि आपल्याला "माइट" ऐकू येतं. "नो", "सी", "टू" यांतले स्वरही असेच लांबून प्रवास करत येतात. मराठीतला ए आणि ओ एका जागी स्थिर असतो, सरकत नाही, म्हणून आपल्या कानाला हे सरकणं आणखीच ठसठशीत वाटतं. मूल "आय-आय करून बोलतं" ही तक्रार इथून येते. बिघाड काही नाही, स्वर सुरू होण्याची जागा वेगळी आहे.

२०१५ मध्ये मेलबर्नच्या एका वर्तमानपत्रात लेख आला, की दारूच्या नशेत जीभ अडखळणाऱ्या पूर्वजांमुळे हा ॲक्सेंट तयार झाला. जगभर तो पसरला. माश्या तोंडात जाऊ नयेत म्हणून ओठ मिटून बोलायची सवय लागली, ही त्याहून जुनी कथा. दोन्ही निराधार आहेत, आणि हे जिभेवरूनच सिद्ध होतं. नशेत जिभेची हालचाल मंदावते, ओठ मिटले तर जबडा उघडत नाही. ब्रॉड उच्चाराला उलट जबडा जास्त उघडावा लागतो आणि जिभेला जास्त अंतर कापावं लागतं. तरीही लोकांना ही गोष्ट पटते, कारण हा ॲक्सेंट हलक्या लोकांचा असा समज दीडशे वर्षं मुरलेला आहे.

तो समज त्या देशाने स्वतःच पोसला. शाळा तपासनीस मुलांच्या उच्चारांवर ताशेरे मारत, पैसेवाले घरी शिकवण्या लावून मुलींचे स्वर "सुधारून" घेत. १९३२ मध्ये एबीसी ही सरकारी नभोवाणी सुरू झाली, आणि कित्येक वर्षं तिथल्या बातम्या लंडनहून येताहेत असं वाटावं अशा आवाजात वाचल्या गेल्या. १९४० च्या दशकात मिचेल यांनी ऑस्ट्रेलियन उच्चार चुकीचा नाही असं ठामपणे मांडलं, तेव्हा ते अनेकांना रुचलं नाही. १९५० मध्ये समीक्षक ए. ए. फिलिप्स यांनी आपल्या मातीतलं ते कमअस्सल मानायच्या या वृत्तीला "कल्चरल क्रिंज" असं नाव दिलं, ते आजही वापरात आहे. १९६४ मध्ये इंग्लिश लेखिका मोनिका डिकन्स सिडनीच्या दुकानात पुस्तकांवर सह्या देत होत्या. एका बाईंनी पुस्तक पुढे करून काहीतरी म्हटलं. डिकन्सना ते "एम्मा चिझिट" असं ऐकू आलं, म्हणून त्यांनी त्या नावाने सही केली. बाई विचारत होत्या, "हाउ मच इज इट?" यात उच्चाराचं गणित स्वच्छ दिसतं. "हाउ"मधला ह गळला, उरलेला स्वर ॲ कडून निघाला, पुढचा म त्याला चिकटला, आणि चार शब्दांची एक सलग माळ झाली.

मग हा तुच्छतेचा भाव गेला कसा? उच्चार बदलून नव्हे. १९७२ नंतर गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने कलांना आणि चित्रपटांना पैसा दिला, पडद्यावर आपला आवाज ऐकायची सवय लागली. १९८१ मध्ये मॅक्वॉरी शब्दकोश आला, डेलब्रिज त्याचे मुख्य संपादक. ऑस्ट्रेलियन इंग्रजीला लंडनच्या शिक्क्याची गरज नाही, हे त्याने सांगितलं. १९८४ मध्ये स्वतःचं राष्ट्रगीत ठरलं. बॉब हॉक ऑक्सफर्डला शिकले, तरी ब्रॉडच बोलत राहिले आणि १९८३ ते १९९१ पंतप्रधान होते. आधीचे रॉबर्ट मेन्झीस किंवा माल्कम फ्रेझर यांचे आवाज ऐका आणि मग हॉक ऐका, देशाने स्वतःबद्दलचं मत कसं बदललं ते कानाला कळतं. आज कल्टिव्हेटेड जवळजवळ नामशेष आहे, ब्रॉडही आक्रसलाय, जनरल पसरलाय.

इथेच मला खरी खंत आहे. ज्या देशाने ही हेटाळणी स्वतः सोसली, त्यानेच ती पुढच्यांकडे सरकवली. १९०१ च्या कायद्याने गोरे नसलेल्यांना बाहेर ठेवण्यासाठी श्रुतलेखनाची परीक्षा आणली. ५० शब्द, भाषा कोणतीही युरोपीय, निवड अधिकाऱ्याची. १९३४ मध्ये एगॉन किश या बहुभाषिक पत्रकाराला अडवायला स्कॉटिश गेलिकमध्ये श्रुतलेखन दिलं गेलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे सरकार हरलं. १९५८ पर्यंत ती परीक्षा कायद्यात होती. मूळ रहिवाशांच्या अडीचशेहून जास्त भाषा होत्या, आणि आज त्यांच्यातले बरेच जण जे ॲबोरिजिनल इंग्रजी बोलतात त्याला स्वतःचे नियम आहेत. शाळेत त्याला चुका म्हणून लाल खुणा होतात. कोर्टात तर नुकसान फार मोठं होतं. अधिकारी माणसाच्या प्रश्नाला "हो" म्हणणं कित्येकदा फक्त "ऐकतोय, वाद नको" इतकंच सांगतं, आणि उत्तराआधीची शांतता आदराची असते. वकील त्या "हो"ची कबुली करतो आणि शांततेचा अपराधी भाव. सगळ्यात जुन्या ऑस्ट्रेलियन माणसाच्या बोलण्याला परकं ठरवणारी "राष्ट्रीय ओळख" मला मान्य नाही.

दोन माणसं शेजारी ठेवून बघा. जुलिया गिलार्ड वेल्समध्ये जन्मल्या, १९६६ मध्ये लहानपणीच ॲडलेडला आल्या. पंतप्रधान झाल्यावर त्यांच्या ब्रॉड उच्चारावर "फारच गावठी" म्हणून टीका झाली. मातियास कोरमान बेल्जियममधले, जर्मन मातृभाषेचे, १९९६ मध्ये पंचविशीत पर्थला आले. २०१३ ते २०२० ते अर्थखातं सांभाळत होते, जर्मन वळणाच्या इंग्रजीतच, आणि श्वार्झनेगरच्या आवाजात त्यांच्या नकला झाल्या. एक लहानपणी आली, दुसरा वाढून आला, ॲक्सेंटमधला फरक एवढ्यानेच पडला. निष्ठेचा, बुद्धीचा इथे संबंध येतोच कुठे? २०२१ च्या जनगणनेत जवळपास निम्म्या लोकांचे आई किंवा वडील परदेशात जन्मलेले होते, आणि परदेशात जन्मलेल्यांत इंग्लंडखालोखाल भारताचा क्रमांक होता. मेलबर्नच्या टारनीट किंवा सिडनीच्या हॅरिस पार्क या उपनगरांतल्या शाळेच्या मैदानावर आज तेच चाललंय जे १८०० च्या सिडनीत चाललं होतं.

आता वाढून आलेल्यांसाठी. "गडाय माइट" ("गुड डे, मेट") असं मुद्दाम काढलेलं सोंग सोडून द्या, ते लगेच ओळखू येतं. आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या बोलण्याच्या भागात उच्चाराला चारातला एक वाटा आहे, आणि तिथेही बोलणं समजतंय का हे पाहतात, तुम्ही कुठले ते नव्हे. नागरिकत्वाच्या परीक्षेत २० प्रश्न असतात, ७५ टक्के लागतात, मूल्यांवरचे पाचही बरोबर यावे लागतात, ॲक्सेंटचा प्रश्न त्यात नाही. मेहनत घ्यायची तर तीन जागी घ्या. पहिली, प-ट-क. मराठी प मध्ये हवेचा झोत नसतो, म्हणून "पॅट" समोरच्याला "बॅट" ऐकू येतं. ओठ मिटून जुना मराठी फ म्हणा, "कॉफी"ची सुरुवात ख च्या बाजूला न्या, आणि ट साठी जिभेचं टोक मागे न वळवता वरच्या हिरडीला लावा. दुसरी, आघात. "फोटोग्राफ"मध्ये तो पहिल्या अक्षरावर, "फोटोग्राफर"मध्ये दुसऱ्यावर, आणि बाकीची बहुतेक अक्षरं अ मध्ये विरतात. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो, मग ऐकणाऱ्याला शब्दच सापडत नाही. फोनवर बहुतेक गोंधळ यानेच होतो. तिसरी, व. "वेस्ट" म्हणजे पश्चिम असेल तर ओठ गोल, दात ओठापासून दूर. बंडी असेल तर वरचे दात खालच्या ओठावर. ऐकताना एवढं ध्यानात असू द्या, की वाक्याच्या शेवटी आवाज चढला म्हणजे प्रश्नच असतो असं नाही. "कळतंय ना?" एवढंच त्यात असतं, मान हलवली की पुरे.

आणि मुलांसाठी. त्यांचं इंग्रजी दुरुस्त करू नका, ते त्यांच्या वर्गमित्रांचं आहे आणि बरोबर आहे. लक्ष मराठीकडे द्या, कारण तिथे सवंगडी मदतीला नाहीत. शनिवार-रविवारच्या मराठी शाळांत सगळ्यात आधी त आणि ट एक होतात, कारण ऑस्ट्रेलियन टी या दोन्हींच्या मधल्या जागी आहे. "ताट"चं "टाट" होतं. आरशासमोर जिभेचं टोक दातांना लावून "ताई, तूप, तीन", मग टोक वर वळवून "टाळी, टोपी, टीप", अशी जोडी रोज दोन-तीन मिनिटं घ्या. त्यानंतर ळ, तोही टोक मागे वळवूनच. "चांगला" आणि "चार" यांतले दोन वेगळे च सगळ्यात शेवटी घ्या, आणि लिहून नाही, आजीशी फोनवर बोलता बोलता, कारण लिपीत दोन्ही एकसारखेच दिसतात.