फोर-टेनवर बसलेला शिशाचा शिक्का

अमेरिकेत वसंतातला टर्कीच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: टर्कीला बारा बोअरची बंदूकच हवी, तीही साडेतीन इंची काडतुसाची. वीस बोअर पोराटोरांची, 28 आणि फोर-टेन खारींसाठी. नऊ नंबरचा छर्रा टर्कीच्या पिसांवरून घरंगळतो. लहान नळीतून छर्रे कमी सुटतात, हळू सुटतात, आणि पक्षी जखमी होऊन रानात मरतो. थोडक्यात, लहान बोअर वापरणारा शिकारी बेजबाबदार.

यातला जवळजवळ प्रत्येक शब्द शिशाच्या छऱ्यांबाबत एकेकाळी खरा होता. दोष मात्र शिशाचा होता, आणि शिक्का बसला नळीवर.

आधी बोअरचा हिशेब. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीची जाडी म्हणजे बारा बोअर, सुमारे 18.5 मिलिमीटर. वीस बोअर 15.6, अठ्ठावीस 14. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी नळी लहान. फोर-टेन या हिशेबातच बसत नाही. ते थेट इंचातलं माप आहे, 0.410 इंच, म्हणजे 10.4 मिलिमीटर, बोअरच्या भाषेत साधारण 67. (भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, आणि मराठीतली बंदुकीची बोलीही ‘बारा बोअर’पाशीच थांबली. अमेरिकेत नव्याने परवाना काढणाऱ्या मराठी माणसाला हा मजकूर लगेच पटतो, याला तेही एक कारण असावं.)

आता पहिला मुद्दा, नऊ नंबरचा छर्रा घरंगळतो हा. छऱ्यांतही नंबर जितका मोठा तितका दाणा लहान, आणि शिशाचा नऊ नंबर खरंच कुचकामी आहे. दोन मिलिमीटरचा तो दाणा जेमतेम 0.05 ग्रॅम भरतो, होल्यापारव्यांना ठीक. पण आज टर्कीसाठी जो नऊ नंबर विकला जातो तो टंगस्टनचा असतो, शिकारी त्याला टीएसएस (टंगस्टन सुपर शॉट) म्हणतात. शिशाची घनता घनसेंटिमीटरला अकराच्या आसपास, टीएसएसची अठरा. छर्रा हवेत किती वेग टिकवतो आणि मांसात किती खोल जातो, हे मुख्यतः त्याची घनता गुणिले जाडी यावर ठरतं. गुणाकार करून पाहा. टीएसएस नऊ नंबर: 18 गुणिले 2.03, उत्तर साडेछत्तीस. शिसं पाच नंबर: 11.1 गुणिले 3.05, उत्तर चौतीसच्या आत. शिसं चार नंबर: 11.1 गुणिले 3.30, पुन्हा साडेछत्तीस. म्हणजे टंगस्टनचा हा ‘दाणा’ सारख्या वेगाने सुटला, तर शिशाच्या चार नंबरइतका खोल जातो. चार नंबर पिसांवरून घरंगळतो असं तो मजकूर लिहिणाराही म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. टीएसएसचा छर्रा खोल जातो, पण पाडतो ते भोक बारीक असतं. शिशाच्या पाच नंबरच्या निम्म्याहून कमी वजन, दोन मिलिमीटर जाडी. म्हणून छातीवर मारायचा विचारच सोडायचा. पण तो बारा बोअरनेही सोडायचाच असतो. टर्की पडते ती मेंदूत किंवा मानेच्या मणक्यात छर्रे गेल्याने. वीस-बावीस पौंडांच्या नराचं वर्म तेवढंच, आणि पक्षी मोठा असला म्हणून ते मोठं होत नाही.

‘लहान नळीतून छर्रे कमी सुटतात.’ मोजू. बारा बोअरच्या तीन इंची काडतुसात पाऊणेदोन औंस शिसं, पाच नंबर, औंसाला 170 दाणे: एकूण 298. या काडतुसाने वर्षानुवर्षं टर्की पडल्या आणि कोणी कुरकुर केली नाही. फेडरल या काडतूस कंपनीने 2018 मध्ये बाजारात आणलेल्या टीएसएस मालिकेतलं फोर-टेनचं तीन इंची काडतूस घ्या. 13/16 औंस, नऊ नंबर, औंसाला सुमारे 360 दाणे: 290 च्या वर. दोघांत फरक फार तर सात-आठ दाण्यांचा. वीस बोअरमध्ये हेच टीएसएस दीड औंस मावतं, म्हणजे 540 च्या आसपास दाणे. साडेतीन इंची बारा बोअरमध्ये पाच नंबरचं दोन औंस शिसं भरलं तरी 340 होतात. ‘पोराटोरांची’ वीस बोअर इथे मोजणीत पुढे आहे.

एवढं सगळं त्या पेन्सिलीएवढ्या काडतुसात मावतं कसं? टीएसएस जागा कमी खातं. 13/16 औंस टीएसएसला लागते अर्धा औंस शिशाइतकीच जागा.

लहान नळीची खरी अडचण इथेच होती, आणि ती मजकुरात कुठेच नाही. फोर-टेनच्या नळीचं तोंड बारा बोअरच्या एक तृतीयांशाहूनही लहान. तेवढेच छर्रे भरले तर त्यांचा थर तिपटीहून उंच होतो. बार उडाला की सगळा धक्का खालच्या छऱ्यांवर येतो. शिसं मऊ, त्यामुळे खालचे दाणे चेपतात, कडेचे घासतात. चेपलेला दाणा सरळ जात नाही, फैलावाच्या बाहेर भरकटतो. टंगस्टनचा दाणा चेपतच नाही, नळीतून निघतो तसाच गोल राहून निशाण्याच्या कागदावर पोचतो. फोर-टेनची बदनामी झाली ती या चेपलेल्या दाण्यांनी.

वेगाचा मुद्दा लवकर आटपू. नळीच्या जाडीने वेग ठरत नाही, भरणीने ठरतो. फोर-टेनचं वर सांगितलेलं काडतूस सेकंदाला 1100 फुटांनी सुटतं. बारा बोअरची टर्कीची जड काडतुसं बऱ्याचदा 1200 च्या आसपास. फरक आहे, पण निकाल फिरवणारा नाही. उलट दोन औंस गुणिले 1200 आणि 13/16 औंस गुणिले 1100 यांची तुलना केली, तर बारा बोअरचा खांद्यावर येणारा धक्का अडीच पटीहून जास्त. त्या धक्क्याच्या भीतीने डोळे मिटून घोडा ओढणारे शिकारी रेंजवर रोज दिसतात. नेम चुकतो तो तिथे.

‘पक्षी जखमी होऊन मरतो’ हा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि त्याला गणिताने उत्तर देता येत नाही. त्याला उत्तर कागदावर द्यायचं. सोयीची कसोटी अशी: दहा इंच व्यासाच्या वर्तुळात किमान 100 छर्रे. ते जिथवर पडतात तिथवर तुमची बंदूक, पुढे नाही. दुसऱ्याच्या फोर-टेनचा आकडा तुमच्या कामाचा नाही, कारण चोक (नळीच्या तोंडाशी बसणारा, छर्रे आवळणारा तुकडा) आणि नळी बदलली की फैलाव बदलतो.

पद्धत अशी. बंदूक रिकामी असताना चोक हाताने घट्ट बसवा, आणि दर दोन-तीन बारांनी तो सैल झाला नाही ना ते बघा; अर्थात पुन्हा बंदूक रिकामी करूनच. टीएसएसचं काडतूस महाग पडतं, तेव्हा माशी (नळीच्या टोकाचा नेमाचा मणी) किंवा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी दुर्बीण) आधी स्वस्त शिशाच्या काडतुसांनी वीस यार्डांवर जुळवा. मग तीन फूट रुंद कागद तीस यार्डांवर, बंदूक उशीवर टेकवून, टीएसएसचा एक बार. सर्वांत दाट भागाभोवती दहा इंची वर्तुळ काढा. वर्तुळाचा मध्य आणि तुमचा नेम यांत चार इंचांचं अंतर असेल, तर छर्रे मोजण्याआधी रेड डॉट सरकवा. मोजताना प्रत्येक भोकावर मार्करचा ठिपका द्या. दोन मिलिमीटरची भोकं नुसत्या नजरेने दोनदा मोजली जातात. प्रत्येक अंतरावर तीन बार, आणि धरायचा तो सर्वांत कमी आकडा. मग 35, मग 40. पंचेचाळीसला 100 भरले तरी फोर-टेन चाळिसाच्या पुढे नेऊ नये असं आमचं मत. रानात अंतर चुकतंच, आणि ते बहुधा कमी धरलं जातं.

चोक जितका आवळ तितका बरा, असंही नाही. एका मर्यादेपुढे आवळला की छर्रे तोंडाशी एकमेकांवर आदळून उलटे विखुरतात. तसं झालं तर एक पायरी मोकळा चोक लावून बघा.

शेवटचा बार पंधरा यार्डांवर काढा आणि कागद नीट पाहा. भोकांचा पुंजका मुठीएवढा. टीएसएसने टर्की हुकतात त्या बऱ्याचदा इथे, डिकॉयपाशी, म्हणजे भुलवायला ठेवलेल्या नकली पक्ष्यापाशी, आलेल्या. पिसारा फुलवलेल्या नराची मान आखडलेली असते. तोंडाने एखादा आवाज काढून मान वर होऊ द्यावी आणि नेम पिसं संपून उघडी मान सुरू होते तिथे धरावा.

फिरत्या मजकुराला उत्तर देताना उलट्या टोकाला जाणारेही आहेत. जुन्या फोर-टेनची खोली, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा भाग, अडीच इंची असते. तीन इंची काडतूस तीत कधीकधी शिरतं, पण उडताना त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा नसते आणि दाब धोक्याइतका चढतो. नळीवर कोरलेलं माप वाचल्याशिवाय काडतूस घेऊच नये. टंगस्टन नळीच्या पोलादाहून कठीण, जाड वॉडशिवाय (छर्रे धरणाऱ्या काडतुसातल्या वाटीशिवाय) ते नळी खरवडतं, म्हणून घरी भरलेली अनोळखी काडतुसं नकोत. घरात बारा आणि वीस दोन्ही बोअर असतील तर खिसे वेगळे ठेवा. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून अडकतं, मागून बाराचं भरून उडवलं की नळी फुटते. वीसची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. आणि राज्याचं चालू वर्षाचं नियमपुस्तक बघा. काही राज्यं बोअरची किमान मर्यादा घालतात, काही छऱ्याच्या आकाराची.

मजकुरातलं एक म्हणणं, फोर-टेन खारींसाठी हे, शिशाच्या बाबतीत आम्ही खोडत नाही. फोर-टेनमध्ये शिसंच भरायचं असेल तर ती टर्कीची बंदूक नव्हे. तीन इंची काडतुसात 11/16 औंस, सहा नंबर, एकूण 155 दाणे. त्यातले 100 दहा इंचांत हवेत म्हणजे तिघांतले दोन. फुल चोकची मूळ व्याख्याच चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात 70 टक्के एवढी आहे. कपाटात तीच काडतुसं असतील तर वीस यार्ड, तेही कागदाने हो म्हटलं तर.