बँडलाही एक छबिलदास पाहिजे

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकते. पोस्ट मोठी आहे, निवांत असाल तेव्हा वाचा.

पुण्यात स्वतःची गाणी करणारे बँड कमी नाहीयेत, ऐकणारेही कमी नाहीयेत, कमी आहे ती जागा. जागा म्हणजे मोठं मैदान म्हणत नाहीये मी. शंभर-सव्वाशे लोक नीट बसतील, साऊंड बरा असेल, साडेसातची वेळ दिली तर साडेसातला सुरू होईल आणि सतरा वर्षांच्या मुलीला किंवा सत्तर वर्षांच्या आजीला दारात कोणी अडवणार नाही, अशी एक खोली. तेवढीच. बँडसाठी ती आपल्याकडे जवळपास नाहीच. आपल्याकडे पब आहेत, आणि पबच्या वर मग एकदम फेस्टिवल.

माझी भाची सतरा वर्षांची आहे, बास गिटार शिकते. ईझी वाँडरलिंग्ज तिचा जीव की प्राण, आपल्या पुण्याचाच बँड, तिला सगळी गाणी पाठ, नुसते शब्द नाही तर मधले बासचे तुकडेसुद्धा ती तोंडाने म्हणून दाखवते. तर अशाच एका दुसऱ्या लोकल बँडच्या गिगला, म्हणजे लाइव्ह कार्यक्रमाला, तिला घेऊन गेले, आणि दारात आधार कार्ड बघून आम्हाला परत पाठवलं. दारावरच्या माणसाचा काही दोष नाही, तो त्याचं काम करत होता. महाराष्ट्रात बीयरला २१ आणि हार्ड लिकरला २५ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे जिथे बार आहे तिथे दारातच वय बघतात. कायदा त्याच्या जागी ठीक आहे. पण ती मुलगी प्यायला आली नव्हती, ऐकायला आली होती! बाहेर उभं राहून तिने पहिलं गाणं भिंतीतून ऐकलं आणि मला म्हणाली, मावशी, अजून चार वर्षं थांबायचं का मी. काय उत्तर देणार.

संगीत अंगात भिनायचं वय कोणतं हो? चौदा ते वीस. त्याच वयात आपण पोरांना सांगतो की मोबाईलवर ऐका, प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर एकविसाव्या वर्षी या. आणि मग पंचविशीत त्यांना गिगला यायची सवय नसते म्हणून आपणच तक्रार करतो की पुण्यात क्राउड येत नाही.

आता पैशाचं. पबमध्ये बहुतेक वेळा तिकीट नसतं, कव्हर असतं. हजार रुपये कव्हर, फुल्ली रिडीमेबल, म्हणजे हजाराचं खाऊन-पिऊन घ्यायचं. ऐकताना बरं वाटतं पण जरा विचार करा, त्यातला संगीताचा वाटा किती? शून्य. सगळे पैसे खाण्यापिण्याचे झाले, गाणं त्यावर फुकट. मग बँडला काय द्यायचं ते मालक बारचा गल्ला बघून ठरवणार, आणि गल्ला वाढायचा तर लोकांनी जास्त वेळ बसलं पाहिजे, म्हणून नऊचा शो साडेदहाला सुरू होतो, म्हणून कोथरूडहून कोरेगाव पार्कात आलेल्या माणसाला शेवटची बस मिळत नाही आणि रिक्षावाला मीटरवर यायला तयार नसतो, म्हणून पुढच्या वेळी तो माणूस येतच नाही. ही साखळी मी कितीतरी ओळखीच्या लोकांच्या बाबतीत बघितलीये. त्यांचं गाण्यावरचं प्रेम कमी झालेलं नाहीये, त्यांना सकाळी ऑफिस असतं एवढंच.

आणि ऐकणं? एक मुलगा डोळे मिटून स्वतः लिहिलेलं, आईवरचं गाणं म्हणतोय, अगदी हळू आवाजात, त्याच्या मागे स्क्रीनवर म्यूट केलेली मॅच चालू, आणि ओळ संपायच्या आत कोपऱ्यातल्या टेबलावर केक येतो आणि पंधरा माणसं हॅपी बर्थडे सुरू करतात. तो थांबला, हसला, गिटारवर त्यांना कॉर्ड्स वाजवून दिल्या, आणि मग परत आपलं गाणं पहिल्यापासून सुरू केलं. त्या मुलाचं मोठेपण. पण माझ्या पोटात तुटलं.

हे सगळं असलं तरी पबवाल्यांचे उपकार मी विसरणार नाही, आणि कोणी विसरू पण नये. दुसरं कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनीच स्टेज दिलं. मुंबईत ब्लू फ्रॉग होतं ना, २००७ पासून, लोअर परळला मथुरादास मिल कंपाउंडमध्ये, तिथला साऊंड ज्यांनी ऐकलाय त्यांना विचारा. ते २०१६ ला बंद झालं तेव्हा माझ्या मुंबईच्या मैत्रिणी घरातलं कोणी गेल्यासारख्या बोलत होत्या. म्हणून तर म्हणते, सगळा भार त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर नको. ज्या जागेचं भाडं दारूच्या विक्रीवर निघतं ती जागा विक्री घटली की जाणार, आणि जाताना आपलं संगीत पण घेऊन जाणार.

मग लोक म्हणतात फेस्टिवल आहेत की. आहेत! आणि मला जिवापाड आवडतात. एनएच सेव्हन वीकेंडर २०१० साली आपल्या पुण्यातच सुरू झालं, कोरेगाव पार्कात, आणि देशभरातले बँड बघायला देशभरातली पोरं आपल्या गावात यायला लागली याचा मला आजही अभिमान वाटतो. दुपारी तीनला रणरणत्या उन्हात लहान स्टेजसमोर वीस-पंचवीस जण उभे असतात, नाव कधी न ऐकलेला बँड येतो, आणि तिसऱ्या गाण्याला आपण शेजारच्या अनोळखी माणसाकडे बघतो, तो पण आपल्याकडे बघतो, की हे काय ऐकतोय आपण! त्या क्षणासाठी मी वर्षभर पैसे बाजूला टाकते. मुंबईत लोलापलूझा आलं २०२३ ला, महालक्ष्मी रेसकोर्सवर, बाहेरच्या मोठमोठ्या नावांबरोबर आपले पण बँड वाजले, छान झालं. पण फेस्टिवल वर्षातून एकदा. तिकीट हजारोंत, त्यात आत पाण्यापासून सगळं विकत, दोन दिवस पाय मोडेपर्यंत उभं. आणि बँडला मिळतात चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटांत बँड काय दाखवणार, हुकमी गाणी वाजवणार आणि उतरणार. नवीन गाणं लोकांसमोर वाजवून बघायचं, फसलं तर बदलायचं, परत वाजवायचं, हे कुठे करायचं त्याने?

मुंबईकडे अशी एक जागा होती. धोबीतलावचं रंगभवन, उघड्यावरचं थिएटर, सेंट झेवियर्स कॉलेजच्या बाजूला. जॅझ यात्रा तिथे झाली, १९८६ ला सुरू झालेलं इंडिपेंडन्स रॉक म्हणजे आय-रॉक वर्षानुवर्षं तिथे झालं, कॉलेजची पोरं लोकल पकडून यायची आणि ऐकून परत लोकलने घरी जायची. मग आवाजाचे नियम आले. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, आणि रंगभवनच्या शेजारी कॉलेज पण आणि कामा हॉस्पिटल पण. संपलं. मी नियमाच्या विरोधात नाही बरं का, आजारी माणसाला झोप मिळालीच पाहिजे, आणि डीजेच्या भिंतींनी आपण पुणेकर काय भोगतो ते मला माहितीये. याच नियमांपायी सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्र रात्र चालणाऱ्या मैफली पण दहाच्या आत आल्या, आणि तरी सवाई थांबलं का, १९५३ पासून चालू आहे, वेळ बदलली, जागा बदलली, लोक आले.

आणि हे फारसं कोणी लक्षात घेत नाही, की ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहाची जी बंदी आहे ती लाउडस्पीकर उघड्यावर लावायला आहे. बंदिस्त सभागृह, ऑडिटोरियम, कम्युनिटी हॉल, आवाज आतल्या आत राहत असेल तर त्यांना त्यातून वगळलंय. म्हणजे नियमच आपल्याला सांगतोय की बाबांनो, आत या!

आणि आत यायचं कसं हे मराठी माणसाला कोणी शिकवायची गरज नाही. छबिलदास आठवा. दादरची शाळा, तिचा एक साधा हॉल, १९७४ पासून आविष्कारने, म्हणजे अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे या मंडळींनी तिथे प्रायोगिक नाटकं सुरू केली. ना धड विंगा, ना पंखे पुरेसे, गल्लीतला आवाज आत यायचा. पण भाडं परवडायचं, आणि प्रयोग फसला तरी पुढच्या प्रयोगाला जागा मिळायची. त्या एका हॉलने मराठी रंगभूमीला किती लेखक, किती नट दिले ते मी सांगायला नको. आमचे काका सांगतात की खालचा श्रीकृष्णचा वडा खाऊन वर जायचं आणि काय बघायला मिळणार याची काही कल्पना नसायची. मला हेच पाहिजे बँडसाठी. इंडी म्हणजे तरी काय, कंपनीच्या जिवावर न जाता स्वतः लिहायचं, स्वतः बसवायचं, स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड करायचं. प्रायोगिकच आहे ते. मग नाटकाला जे मिळालं ते गाण्याला का नाही.

पुण्यात आजही नाटकाच्या अशा जागा आहेत. सुदर्शन आहे, द बॉक्स आहे, ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे, भरत आहे. अधूनमधून तिथे गाण्याचे कार्यक्रम होतातही, पण बँड दर महिन्याला ठरलेल्या वारी वाजवतोय असं माझ्या बघण्यात नाही. हिशोब मांडून बघा. १२० खुर्च्या, तिकीट ३००. झाले ३६ हजार. ५०० पर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही. त्यातून हॉलचं भाडं, साऊंडवाला, चहा, आणि उरलेलं सगळं बँडचं. श्रीमंत नाही होणार कोणी, पण त्या पैशातला रुपया न रुपया गाण्यासाठी आलेला असेल. अर्ध्याच खुर्च्या भरल्या तर ओढाताण होईल, मान्य, म्हणून तर एकाच तिकिटात दोन बँड ठेवायचे, दोघांचे मित्र येतील.

असं मी एकदा होताना बघितलंय म्हणून एवढं छातीठोकपणे लिहितेय. गेल्या पावसाळ्यात एका नाटकवाल्या ग्रुपच्या तालमीच्या हॉलमध्ये एका बँडने वाजवलं. ड्रम्सच्या खाली सतरंजी. स्नेअर ड्रम फार झणझणतोय म्हणून ड्रमरने खिशातलं पाकीट काढून त्यावर ठेवलं, आवाज बसला. काठ्यांऐवजी ब्रश घेतले होते त्याने. साडेसात म्हणजे साडेसात, घंटा झाली, दिवे गेले. ऐंशीएक माणसं असतील, त्यात बँडच्या आया होत्या, शेजारच्या काकू होत्या, आणि माझी भाची पहिल्या रांगेत. पहिलं गाणं संपल्यावर जी शांतता पडली ना, एक-दोन सेकंद, कोणी ग्लास आपटत नाही, कोणी ऑर्डर देत नाही, आणि मग टाळ्या. गायिका बोलली पण मस्त, हे गाणं कुठे सुचलं, कुठली ओळ अजून जमली नाहीये. तेच गाणं शेवटी परत वाजवलं त्यांनी, वेगळ्या लयीत, आणि आम्हाला विचारलं कोणतं बरं वाटलं. लोकांनी हात वर करून मतं दिली! एका काकूंनी सांगितलं की दुसऱ्या कडव्यात शब्द कळत नाहीत, तर त्या मुलीने खरंच वही काढून लिहून घेतलं. आणि शो संपल्यावर बास वाजवणाऱ्या मुलाने भाचीच्या हातात स्वतःचा बास दिला, तिचं करंगळीचं बोट कुठे चुकतंय ते दाखवलं. साडेनऊला आम्ही बसमध्ये होतो. ती घरी पोचेपर्यंत बोलत होती.

आता जे म्हणतील की रॉक काय खुर्चीत बसून ऐकायचा का, त्यांचंही खरं आहे. मेटलला उभं राहायला जागा पाहिजे, धक्के पाहिजेत, घाम पाहिजे, ते हॉलमध्ये नाही होणार आणि होऊ पण नये, त्यासाठी लॉन्स आणि क्लब राहू देत. पण सगळेच बँड मेटल नाहीत ना. अभंग रिपोस्टची पोरं तुकोबांचे अभंग गिटार, बास, ड्रम्सवर घेतात, ते माझ्या आईने ऐकावं असं मला मनापासून वाटतं, ती टाळ घेऊन बसेल अशी बाई आहे, तिला मी रात्री अकराला पबमध्ये कशी नेऊ. स्वदेसी या रॅप ग्रुपचा एमसी मवाली मराठीत रॅप करतो, अमरावतीचा १०० आरबीएच वऱ्हाडी बोलीत करतो, ते शब्द एकेक ऐकू यायला पाहिजेत, बाकीच्या गोंगाटात ते वाया जातात. आणि बसून ऐकलं की जोश कमी होतो हे तर पुण्यात कोणी बोलूच नये, पुरुषोत्तम करंडकाच्या कॉलेज एकांकिकांना भरतमध्ये खुर्च्याच असतात, तिथे ‘अरे आव्वाज कुणाचा’ ऐकलाय ना? छप्पर उडायचं बाकी असतं. फिरोदिया करंडकाच्या कॉलेज स्पर्धेत लाइव्ह वाजवणारी पोरं कॉलेज संपल्यावर कुठे जातात याचा कधी विचार केलाय? वाजवायची हौस तशीच असते हो, हॉल जातो हातचा.

तर मला नुसती पोस्ट टाकून थांबायचं नाहीये. आम्ही चार-पाच जण मिळून महिन्यातून एक संध्याकाळ सुरू करायचं बघतोय, दोन बँड, तीनशे रुपये, सर्व वयाचे लोक, साडेसात ते साडेनऊ. साऊंड सांभाळणारी दोन मुलं तयार आहेत, बँड तर रांगेत आहेत. हॉल हवाय. कोणाच्या शाळेचा, संस्थेचा, सोसायटीचा, मंडळाचा हॉल असेल, पेठांत किंवा कर्वे रोडच्या बाजूला असेल तर फारच छान, बस मिळते, आणि ट्रस्टी मंडळींशी बोलायला आम्ही कधीही येऊ, आवाज किती असेल ते आधी वाजवून दाखवू. ओळखीत कोणी असेल तर इनबॉक्स करा. आणि ज्यांना नुसतं ऐकायला यायचंय त्यांनी खाली लिहा कोणता वार जमतो, आमचं गुरुवार की रविवार यावरच अडलंय.