स्मिता पाटील आणि पणजीच्या बातम्या

आमच्या फोंड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चतुर्थीपासून एक संदेश फिरतोय: स्मिता पाटील सिनेमात गाजल्या आणि मग पणजी दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचू लागल्या. सोबत बातम्या वाचतानाचा म्हणून एक छान रंगीत फोटो. तिन्ही गोष्टी चुकीच्या.

बातम्या त्यांनी वाचल्या, पण मुंबईत. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि विशीही न ओलांडलेली ही पुण्याची मुलगी तिथल्या पडद्यावर दिसू लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्यांना बसायच्या, हा किस्सा खूप सांगितला जातो. पटतोही, कॅमेऱ्याला दिसायचे तेवढे खांदे आणि पदर. श्याम बेनेगलांनी त्यांना टीव्हीवर पाहून हेरलं आणि १९७५च्या 'चरणदास चोर'मध्ये घेतलं. म्हणजे आधी बातम्या, मग सिनेमा.

त्या काळात गोव्यात दूरदर्शनचं केंद्रच नव्हतं. बातम्यांसाठी आपली माणसं रेडिओला कान लावून असत, पणजी आकाशवाणी. मुंबईच्या मनोऱ्याचं चित्र इथवर पोचायचं नाही.

राहिला फोटो. दूरदर्शनला रंग आला १९८२ साली. या फोटोत मात्र काठाची जरी चकाकते, कुंकू लालबुंद. बहुधा कुणी कृष्णधवल चित्रावर हात फिरवलाय. पुढे पाठवणाऱ्या भाटकारांना मी तिथंच कळवलंय; त्यांनी अंगठा दाखवला, पण संदेश अजून काढलेला नाही.